तिवईखालची चिठ्ठी

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय आणि वर एक गोल फळी, एवढाच माझा संसार. एका शाळेच्या वर्गात फळ्याखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही माणसांना चेहऱ्यावरून ओळखता, मी तळव्यांवरून ओळखते. कोणाला उत्तर येते आणि कोण उगाच हात वर करून आले आहे, हे वर चढल्याबरोबर मला कळते. ज्याला उत्तर येत नाही, त्याच्या पायाची बोटे आखडतात.

माझा जन्म झाला तो आमच्या बाईंच्या उंचीमुळे. बाई शिकवण्यात एक नंबर, पण उंचीला बेताच्याच. फळ्याचा खालचा अर्धा भाग त्यांच्या अक्षरांनी गच्च भरायचा आणि वरचा अर्धा कोराच राहायचा. "बाई, वरचा मजला रिकामाच आहे," असे मुले म्हणायची आणि सगळ्यांत मोठ्याने बाईच हसायच्या.

शेवटी एके दिवशी त्यांनी एका चिठ्ठीवर मापे लिहिली आणि "फळ्यापाशी चढायला एक तिवई हवी" म्हणत शाळेजवळच्या सुताराला नेऊन दिली. सुताराची मुलगी बाईंच्याच वर्गात होती. तिच्या केसांत सदा लाकडाची एखादी ढलपी अडकलेली असायची, म्हणून सगळा वर्ग तिला ढलपीच म्हणायचा. तिलाही ते नाव आवडायचे.

सुताराने चिठ्ठी उघडली, "हो हो, होऊन जाईल" म्हणत मान डोलावली. बाई गेल्यावर त्याने ती सुलटी धरली, उलटी धरली, उजेडात नेली. तेव्हा मी कोपऱ्यात उभी असलेली नुसती फळी होते, पण त्याच्या कपाळावरचा घाम मला स्पष्ट दिसला. त्याला वाचता येत नव्हते. ही गोष्ट त्याने सगळ्या जगापासून लपवली होती, आणि आपल्या मुलीपासून तर फारच जपून. रोज तिची वही तो गंभीरपणे चाळायचा आणि "अक्षर सुधारलंय हं" म्हणायचा. एकदा त्याने वही उलटी धरली होती. त्या दिवशीही अक्षर सुधारलेलेच होते!

बाईंना उद्याच तिवई हवी असेल, असे त्याने मनाशी धरले. जेवणाचा डबाही न उघडता त्याने एका दिवसात मला उभी केली, तीही नुसत्या अंदाजाने. अंदाज साफ चुकला. माझ्यावर चढायला बाईंना आधी बाकावर चढावे लागले. चढल्या, तर फळा राहिला गुडघ्यांपाशी. त्या दिवशी वर्गात जो हशा पिकला, तो आठवला की अजून माझे सांधे करकरतात.

शाळा सुटल्यावर बाई आणि ढलपी मला घेऊन पुन्हा सुताराकडे आल्या. बाईंनी नवी चिठ्ठी पुढे केली.

"चष्मा घरी राहिला, बाई," सुतार म्हणाला.

"बाबा, तुम्हाला कुठे चष्मा आहे?" ढलपीने सरळ विचारले.

सुतार जोरजोरात रंधा मारू लागला. गंमत म्हणजे रंध्याखाली लाकूडच नव्हते. बाईंच्या ध्यानात सगळे आले. त्यांनी चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि ढलपीला पाणी आणायला पाठवले. मग आपला तळवा जमिनीपासून थोडा वर धरून त्या म्हणाल्या, "एवढी उंच हवी." सुताराने लगेच दोरी लावली, गाठ मारली आणि माझे पाय बेतशीर कापले. मला जरासुद्धा दुखले नाही. चूक दुरुस्त होत असली की दुखत नाही, हे मी तेव्हाच शिकले.

मला उलटी ठेवली होती. बाई माझे पाय निरखत होत्या. "हे तिन्ही पाय अगदी सारख्या अंतरावर कसे बसवलेत हो? पट्टी लावलीत?"

"पट्टी कशाला? ही दोरी आहे ना." सुताराने दाखवले. बाई भुईवर मांडी घालून बसल्या आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या हे माझ्या वर्गाला शिकवायला या."

सुताराचा चेहरा पांढराफटक पडला. ढलपी अजून पाणी घेऊन आलेली नाही, हे पाहून तो हळूच म्हणाला, "मी? फळ्यासमोर? बाई, तुम्हाला कळलंय ना माझं?"

"कळलंय. आणि हेही कळलं, की तुम्हाला जे येतं ते मला येत नव्हतं."

"पण पोरीसमोर माझी शोभा झाली तर?"

"मी असेन ना तिथे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. चपला दाराशी काढून माझ्यावर चढला. मित्रांनो, एवढे मोठे पाय, पण बोटे अशी आखडलेली, की मलाच रडू यायचे बाकी होते. बाई जाऊन ढलपीच्या बाकावर बसल्या आणि इतर मुलांसारखी हाताची घडी घातली.

सुताराने दोरीचे एक टोक अंगठ्याने फळ्यावर दाबले, दुसऱ्या टोकाला खडू धरला आणि एक गरगरीत वर्तुळ काढले, थेट वरच्या मजल्यापर्यंत. मग तीच दोरी ताणून तो वर्तुळाच्या कडेकडेने एकेक पाऊल खूण करत निघाला. मुले मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्या पावलाला दोरी बरोब्बर पहिल्या खुणेवर येऊन टेकली. "आता एक सोडून एक खूण घ्या. झाले तीन पाय!"

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "काका, दोरी किती लांब घ्यायची? फळ्यावर लिहा ना."

सुताराचा हात खिशाकडे गेला, चष्मा शोधायला असावा. तो रिकामाच परत आला. त्याने ढलपीकडे पाहिले.

"पोरांनो, मला लिहिता येत नाही," तो म्हणाला. "वाचताही येत नाही. लहानपणी राहून गेलं."

कोणीच हसले नाही. ढलपी उठली. मला वाटले, बाहेर पळते की काय. पण ती सरळ फळ्यापाशी आली आणि तिने बाबांच्या हातातला खडू घेतला. "तुम्ही सांगा, बाबा. मी लिहिते."

सुतार सांगू लागला. "लिही. दोरी कितीही लांब घ्या. लहान घेतली तरी सहाच, मोठी घेतली तरी सहाच."

ते बोलताना त्याची बोटे सुटी झाली, हे फक्त मला ठाऊक आहे.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत सुतार वर्गात येऊ लागला. बाईंनी त्याला एक अक्षरही शिकवले नाही. ते काम त्यांनी ढलपीवर सोपवले; स्वतः खिडकीत बसून डबा खायच्या. ढलपी मोठी कडक निघाली. माझ्यावर उभी राहून ती दटावायची, "बाबा, रेघेवर लिहा. आणि हात धुऊन येत जा!" सुतार मुकाट्याने हात धुऊन यायचा.

काही महिन्यांनी तो घाईघाईने आला. त्याच्या हातात बाईंची ती पहिली चिठ्ठी होती. त्याने ती जपून ठेवली होती. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने सगळ्या वर्गासमोर ती वाचली. गोल फळी. तीन पाय. उंची दहा इंच. आणि शेवटची ओळ, "घाई नाही. सवडीने करा."

सुतार थांबला. त्याने ती ओळ परत वाचली आणि मग पोट धरून हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना धार लागली. "अरे देवा! आणि मी तेव्हा जेवलोसुद्धा नाही!" बाई हसल्या, ढलपी हसली, वर्ग हसला. मग त्याने मला उलटी केली आणि ती चिठ्ठी माझ्या फळीखाली पक्की डकवून टाकली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या सरांचा हात फळ्याच्या टोकापर्यंत सहज पोचायचा. मग माझे काय काम? मी कोपऱ्यात गेले आणि माझ्या डोक्यावर खडूंचे खोके आले. दोन वर्षे मला एकही तळवा लागला नाही. खोटे कशाला सांगू, फार वाईट वाटायचे.

पण परवा नवल झाले. सरांनी एक गणित तीनदा सांगितले, तरी वर्गाच्या डोक्यात शिरेना. शेवटी एक बुटकी मुलगी म्हणाली, "सर, मी सांगू?" तिचा हात फळ्याच्या जेमतेम निम्म्यापर्यंत पोचला. सरांनी इकडेतिकडे पाहिले, खोके उतरवले, मला रुमालाने पुसले आणि फळ्यासमोर ठेवले. मग ते स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसले. लांबलचक पाय त्या बाकाखाली मावेनात, गुडघे हनुवटीला टेकले, पण कान मात्र तिच्याकडे होते. मला वाटले, आमच्या बाईच परत आल्या.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचू देऊ नका, पावसाळ्यापूर्वी पायांना थोडे तेल लावा, एवढे माझे मागणे आहे. तुम्हाला काही येत असेल तर खुशाल वर चढा, मी डगमगणार नाही. आणि काहीच येत नसेल, बोटे आखडली असतील, तर मला उलटी करा आणि खालच्या चिठ्ठीची शेवटची ओळ वाचा.