भिंतीला दिलेला पास

कोल्हापुरात आमच्या शिवाजी पेठेत पोराचं बारसं व्हायच्या आधी त्याचा फुटबॉलचा संघ ठरलेला असतो. पोराचा म्हणतेय मी, पोरीचा नाही. मला अजून त्याचा राग येतो आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही. लहानपणी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून "मला बी घ्या की रं" म्हणायचे. चुलतभाऊ विश्वजित, ज्याला पुढे जन्मात धड एक गोल मारता आला नाही, तो म्हणायचा, "पोरगी हाईस तू. लागलं तर काकी आमास्नी बडवंल."

मग मी बोळात गेले. बोळात अल्लाउद्दीनचाचांची पिठाची गिरण होती आणि गिरणीला लांबलचक भिंत होती, खिडकी ना दार. ती मला कधी नाही म्हणाली नाही. भिंतीवर तिरका चेंडू मारायचा, समोर ठेवलेल्या विटेला वळसा घालून पळायचं, की पलीकडे चेंडू नेमका पायात हजर. शाळा सुटल्यापासून दिवस बुडेपर्यंत माझा हाच उद्योग.

एकदा चाचा भुवयांपर्यंत पीठ माखलेले बाहेर आले. "स्नेहल, अगं दणका बसला की वरची जळमटं गिऱ्हाइकाच्या डब्यात पडत्यात! बायका माझा उद्धार करत्यात हितं."

मी चेंडू पोटाशी धरून उभी राहिले. त्यांनी बोळात मागं-पुढं बघितलं.

"एकलीच खेळतीस व्हय?"

मी मान खाली घातली. ते आत गेले, चुन्याचं डबडं घेऊन आले आणि भिंतीच्या एका अंगाला पांढरा पट्टा ओढला. "हितं मार. आतनं पोत्यांची थप्पी हाय, दणका बसत न्हाय." दर पावसाळ्यानंतर पट्टा धुऊन गेला की ते कुणी न सांगता पुन्हा ओढायचे. घरात खैरुनबी चाची म्हणायच्या, भिंतीला इतका चुना लावता, घराला कधी लावणार?

मी सैनिकी अकादमीत गेले ती लेखी परीक्षा आणि मुलाखतीच्या जोरावर. फुटबॉलचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तिथं मुलींचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, आपापल्या राज्याकडून खेळून आलेल्या मुलींना नावानिशी पुढं बोलावलं. त्यांत मोना होती, हरियाणाची, ताडमाड. सगळ्यांची नावं झाल्यावर उस्ताद रीत म्हणून म्हणाले, "और कोई?"

मी पुढं झाले. कुठून खेळलीस, त्यांनी विचारलं. "कोल्हापूर," मी म्हणाले. ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. कोल्हापूरचा फुटबॉल त्यांना ऐकून माहीत होता. त्यांना काय ठाऊक, की मी जन्मात एकदाही अकरा जणांच्या संघात उभी राहिले नव्हते. आणि मला तेवढंच पाहिजे होतं. पाठीवर नंबर, आणि आजूबाजूला दहा माणसं.

खेळ सुरू झाला. बराच वेळ माझ्याकडे चेंडूच येईना. आला तेव्हा मी मैदानाच्या उजव्या कडेला होते आणि समोर एक दांडगी मुलगी आडवी आली. मी विचार केलाच नाही. पायांनी परस्पर काम उरकलं. उजवीकडे तिरका चेंडू मारला, तिला वळसा घातला आणि चेंडू जिथं यायला पाहिजे तिथं ऐटीत जाऊन उभी राहिले.

चेंडू आला नाही. तिथं भिंतच नव्हती. चेंडू चुन्याची रेघ ओलांडून, गवतातून उड्या मारत पार झाडीपर्यंत गेला.

उस्तादांनी शिट्टी मारली. "किसको दिया?"

खोटं सुचेना आणि हिंदीही सुचेना. "भिंतीला," मी म्हणाले.

मराठी कळणाऱ्या दोघी फिसकन हसल्या. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, मग सगळं मैदान हसलं. लाजेनं माझे कान पेटले. सगळ्यांना कळलं होतं, की या पोरीबरोबर कधी कुणी खेळलेलंच नाही. आता आपण होऊन निघून जावं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मोना झाडीतून चेंडू घेऊन आली, माझ्याकडे फेकला आणि चुन्याच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. "चल, मैं दीवार," ती म्हणाली. ती हसत नव्हती.

मी पुन्हा तिरका चेंडू मारला आणि वळसा घालून पळाले. मोनानं परत दिला, पण तो माझ्या मागं पडला. उस्ताद ओरडले, "अगं, भिंत चेंडू आणून देते! माणूस जमेल तसा देतो. तू थांबून राहू नकोस, पुढं जाऊन घे!" हे त्यांनी हिंदीत आणि दोन शिव्या घालून सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी पुढं जाऊन घेतला. संध्याकाळी मैदान सोडताना ते मागून म्हणाले, "ए दीवारवाली, कल से टीम के साथ." खोलीवर जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

पहिल्या सुट्टीत जर्सी घालूनच बोळात शिरले आणि थबकले. गिरण नव्हती. चाचांच्या पोरानं, खिजरनं, ती पाडून मोबाईलचं दुकान काढलं होतं, लखलखीत काचांचं. चाचा बाहेर खुर्चीवर बसले होते, अंगावर पिठाचा कण नसलेले. मला ते परके वाटले.

"नंबर मिळाला म्हन की पोरीला!" त्यांनी जर्सी चाचपून बघितली. "दाव की खेळून."

"कशावर खेळू चाचा? भिंतच पाडलीसा."

ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली. काचेला पाठ करून, पूर्वी पट्टा होता त्याच जागी, पाय फाकून उभे राहिले. आतून खिजर "अब्बा, काच!" म्हणून ओरडला.

"तू गप रं," चाचा म्हणाले. "मार गं. मी हाय की."

मी अगदी हळू, जमिनीलगत चेंडू दिला. चाचांनी चप्पल घातलेल्या पायानं तो परत मारला. चेंडू अर्ध्या वाटेतच थांबला. मी धावत पुढं जाऊन घेतला.