हाडांतला चुना

नवरा मारत नाही असं शपथेवर सांगणारी बायको कुणालाच खरी वाटत नाही. अक्काताईला हे पुरतं कळून चुकलं होतं. साल अडतीसच्या श्रावणात कळशी उचलताना तिचं मनगट मोडलं, दसऱ्याला नुसती शिंकली तर बरगडी गेली. बेळगावात कारकुनी करणाऱ्या परशरामानं बायकोवर कधी आवाजही चढवला नव्हता. तरी तिच्या माहेरी, बोरगावात, त्याची गणती कसायांत होऊन बसली.

बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि तिच्या गळ्याकडं बोट दाखवलं. "इथं आत गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. तुमची एक फुगलीय. ती हाडांतला चुना ओढून रक्तात सोडते, म्हणून हाडं ठिसूळ झालीत. मुंबईला जाऊन ती काढून घ्या, हाडं भरून येतील. उशीर केलात तर मूत्रपिंडं जातील." परशरामानं रजा टाकली, शनिवारच्या गाडीची तिकिटं काढली.

शुक्रवारी सकाळीच तिची आई मालुबाई आणि थोरला भाऊ भरमू टांगा घेऊन दारात हजर.

"चल घरला," भरमू म्हणाला.

"अण्णा, त्यांनी हात लावला न्हाय रं मला. गळ्यात आजार हाय. उद्या मुंबईला निघतोय, तितं कापून काढनार हायत."

"आता गळाच कापतोय व्हय?" भरमू परशरामावर धावला.

अक्काताईनं आईचा हात धरला. मालुबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "तुझा बा मारायचा, तवा मीबी ताप हाय म्हणून सांगत हुतो, पोरी."

अक्काताईला रडू नाही आलं, संताप आला. माणसं खोटं बोलून अडकतात, ही खरं बोलून अडकली होती.

परशराम आडवा आला, तर शेजाऱ्यांनी त्यालाच धरून ठेवलं. भरमूनं बहिणीला मायेनं काखेत हात घालून टांग्यात चढवलं आणि तिच्या दंडाचं हाड कडकन मोडलं.

"म्या हळूच धरलं हुतं," भरमू पुटपुटला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कळा सोसतानाही अक्काताईला बरं वाटलं. आता तरी यांना पटेल.

शेजारणी पुढं सरसावल्या. मालुबाईनं झटकन मुलीच्या दंडावर पदर ओढला. "काय न्हाय, पाय घसरला तिचा," असं म्हणून तिनं टांगेवाल्याला घाई केली.

टांगा हलला. अक्काताईनं भावाकडं पाहिलं. भरमूला सगळं पटलं होतं. तो खाली मान घालून बसला, पण टांगा थांबव म्हणाला नाही.