फिनेलात धुतलेली मखमल

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोमण बाईंनी मखमलीचा काळा तुकडा नाकाशी नेला, पुन्हा एकदा नेला आणि विमलाकडे पाहिलं.

"हा फिनेलात कुणी बुडवला?"

विमला तोंडात मारल्यासारखी उभी. समोर टेबलावर काचेच्या बशा मांडलेल्या, आणि एकीवरही जंतूंचा ठिपका म्हणून उगवला नव्हता. जंतू मारायचं औषध घातलेल्या बशा रिकाम्या राहिल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, पण नुसतं चांगलंचुंगलं खाद्य घातलेल्या बशाही कोऱ्या करकरीत!

"मीच," दारातून आवाज आला.

येसूबाई भाटकर, विमलाची आई, पूर्णगडहून सकाळच्या एस.टी.ने आलेली. काखेत पिशवी, आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

आता यात त्या बिचारीचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मागच्या खेपेला लेक घरी आली ती मखमल मागत. कॉलेजात जंतूंच्या आनुवंशिकीचे प्रयोग आहेत, एका बशीतले जंतू जसेच्या तसे दुसऱ्या बशीत उतरवायला मखमल लागते, म्हणाली. घरात मखमल होती. नवऱ्याने, सखारामने, जहाजावरून परतताना बसऱ्याहून येसूबाईच्या पोलक्यासाठी आणलेली. तो आजारी होऊनच उतरला आणि महिन्याभरात गेला. पोलकं शिवायचं राहिलं ते राहिलंच. येसूबाईने गाठोडं सोडलं, मखमल काढली, कात्री चालवताना डोळे भरून आले तरी चालवली. आणि जंतूंचं काम म्हटल्यावर चांगली दोनदा फिनेलात बुचकळून उन्हात वाळवली.

"तू जंतूंचं शिकतेस म्हणालीस ना गो?" ती चाचरत म्हणाली. "मला वाटलं, मारायचं शिकतेस."

आधी सोमण बाई हसल्या. हसता हसता स्टुलावर बसल्या. विमला रागावणार होती, पण तिलाही आवरेना. बाई म्हणाल्या, अहो, इथे आम्ही त्यांचे लाड करतो, खाऊपिऊ घालतो, कोण कुणाचा आणि कुणाकडून काय घेतलं ते बघतो. पुन्हा करू, काही बिघडलं नाही, असंही म्हणाल्या आणि तासाला निघून गेल्या.

येसूबाई मात्र हसली नव्हती. ती आली होती वेगळ्याच कामाला. धाकटे दीर भिकाजी यांनी हेदवीचं स्थळ आणलं होतं आणि संध्याकाळपर्यंत होकार हवा होता. विमलाला मुंबईला जायचं होतं, विद्यापीठात एम.एस्सी. करायला. भिकाजींचं म्हणणं, पुरुष मुंबईला गेले तरी शिमग्याला परत येतात. पोरगी एकदा गेली की बदलते, मग आई कोण नि गाव कुठलं! खरं सांगायचं तर येसूबाईच्याही पोटात हेच भय होतं. मुंबईला नाही म्हणून सांगायचं, असं एस.टी.त घोकत घोकत ती आली होती.

आईचं मन खट्टू झालं ते फिनेलामुळेच, असं विमलाला वाटलं. म्हणून तिने बाईंच्या जुन्या मखमलीवरून उतरवलेल्या बशा काढून दाखवल्या. एक मूळ बशी, ठिपक्यांनी भरलेली. तिच्यावर मखमल अलगद दाबायची, मग तीच मखमल औषध घातलेल्या तीन बशांवर एकामागून एक टेकवायची. औषधाने बहुतेक सगळे मेले होते. तिन्ही बशांवर एकेकच ठिपका जगला होता आणि तिन्हींवर अगदी एकाच जागी.

"औषध सोसून सोसून तो तसा झाला?" येसूबाईने विचारलं.

"नाय गो आये. तसं असतं तर प्रत्येक बशीत भलत्याच जागी उगवला असता. हे तिन्ही त्या एकाचेच." विमलाने मूळ बशीतल्या त्याच जागेवर बोट ठेवलं. "ह्याने औषध कधी बघितलंपण नव्हतं. ताकद आधीपासून त्याच्यात होती. औषधाने फक्त ती दाखवली."

येसूबाईने वाकून त्या बशीकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. बाप गेला तेव्हा एवढीशी होती, आणि रडणाऱ्या आईला पाण्याचा तांब्या आणून देत होती. ते तिला कुणी शिकवलं होतं?

स्टँडवर सोडायला आलेल्या विमलाने विचारलं, मधल्या वारी कशाला आली होतीस? तुला बघायला, असं सांगून येसूबाई गाडीत चढली.

भिकाजी ओटीवर वाटच बघत होते. येसूबाईने त्यांना आधी चहा दिला, मग सांगितलं.

"हेदवीकरांना नाय म्हणून कळवा. विमल मुंबईला जाणार."

"वयनी, पोरगी बदलंल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

"रडंन तर. माझी एकटीची लेक हाय ती." तिने कप त्यांच्याकडे सरकवला. "पन बदलायची नाय. जे हाय ते ती हितूनच घेऊन जानार."

भिकाजी चहा अर्धा टाकून गेले. मग मात्र येसूबाई पोटभर रडली. आता ह्या घरात बोलायला कोण, ह्या एकाच विचाराने रडली.

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून सखारामची जहाजावरची पत्र्याची पेटी उतरवली, घासूनपुसून अंगणात ठेवली आणि होड्यांवर नावं रंगवणाऱ्या महिपतला बोलावलं. पेटीवर पांढऱ्या अक्षरांत होतं, सखाराम भाटकर, पूर्णगड.

"जुनं खरवडून काढू?" महिपतने विचारलं.

"त्याला हात लावू नको. नावाच्या आधी जागा हाय ना? तिथं विमला लिही."

महिपतने ब्रश बुडवला आणि लिहिलं. रंग वाळेस्तोवर येसूबाई पेटीजवळच बसून कोंबड्या हाकत राहिली.