हिप्परगे सरांची एक जागा

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा शिवांजलीनं दिली तेव्हा तिला आठवा महिना होता. बाकड्यात पोट मावत नव्हतं म्हणून तिरकं बसून तिनं पेपर सोडवला आणि पास झाली. निकाल लागला त्याच आठवड्यात मुलगा झाला. घरात पेढे वाटले गेले ते मुलाचे.

शिवांजली नळदुर्गकडच्या रामलिंग मेंढपाळाची लेक. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून लग्नानंतर लोहाऱ्यात आली. नवरा कुलदीप तहसीलमध्ये कारकून, चार वर्षांची समृद्धी, आणि सासू तुळजाबाई. बापाच्या मेंढरांना एक जंत लागायचा. पोटात राहून रक्त प्यायचा, मेंढराच्या जबड्याखाली सूज यायची, आणि दुकानातलं औषध कितीही पाजलं तरी तो मरायचा नाही. का मरत नाही, एवढंच तिला शोधायचं होतं. माहेरी गेली की ती लेंड्या गोळा करायची, ओळखीच्या मास्तरांकडून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी मोजायची आणि वहीत लिहून ठेवायची. तीनशे बारा मेंढरांची नोंद झाली होती.

परीक्षेचे गुण वर्षभरच चालणार होते, आणि मार्गदर्शक मिळाल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नव्हता. पहिल्या सरांकडं जागा नव्हती. दुसऱ्यांनी तिच्या कडेवरच्या बाळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आधी लेकरं मोठी करा." तिसरे धाराशिवचे हिप्परगे सर. त्यांनी अर्धा तास वहीची पानं उलटली.

"हे करायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही सर. मेंढरं मरत होती."

सर हसले. रिटायर व्हायच्या आधी त्यांना एकच विद्यार्थी घेता येणार होता. त्यांनी संमतीपत्रावर सही केली.

मुलाखतीच्या दिवशी तुळजाबाई आपणहून पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "म्या येते. लेकरू कोण बघंल तिथं?" समृद्धीला शेजारणीकडं ठेवून दोघी सकाळच्या एसटीनं निघाल्या. मुलाखतीच्या खोलीत पाचजण बसले होते. जंताबद्दल, औषधांबद्दल विचारलं, तिनं नीट सांगितलं. मग एक मॅडम म्हणाल्या, "माळावर फिरावं लागेल. बाळाचं काय करणार?"

"माझ्या आईनं मला पाठीशी बांधून मेंढरं राखली, मॅडम. माझ्या तर सासूबाई बाहेर बसल्यात बाळाला घेऊन."

सगळे हसले. हिप्परगे सरांनी मान हलवली. बाहेर लिंबाच्या झाडाखाली तुळजाबाई रडून लाल झालेल्या नातवाला झोके देत होत्या. "काय म्हनले गं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं म्हणाले वाटतं, आत्या."

येताना स्टँडवर दोघींनी गरम भजी खाल्ली. कितीतरी दिवसांनी शिवांजलीला अशी कडकडून भूक लागली होती.

बाराव्या दिवशी यादी लागली. दुपारी पीठ मळता मळता तिनं मोबाईल उघडला. वरच्या यादीत नाव नव्हतं. खाली, नामंजूर झालेल्यांत होतं, आणि पुढं लिहिलं होतं, मार्गदर्शकानं संमती मागे घेतली. पिठाच्या हातानंच तिनं सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "तुमची मुलाखत चांगली झाली. पण माझ्याकडं जागा एक. याआधी दोघींनी अर्ध्यावर सोडलं, दोघींनाही लहान मुलं होती. म्हणून अर्जावरच्या दुसऱ्या नंबरवर फोन केला. तुमच्या मिस्टरांना विचारलं, घरून पाठबळ आहे ना? ते म्हणाले, 'बघू सर, जमंल तसं करंल ती.' तेवढ्यावर मी ती जागा कशी देऊ?"

"मला विचारायचं होतं की सर, एकदा."

"हो," सर म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं. पण आता सह्या झाल्यात."

संध्याकाळी कुलदीप बूट काढायला बाजेवर बसला, तेव्हा तिनं विचारलं, "तुम्हाला हिप्परगे सरांचा फोन आलता?"

"हां, आलता की. साहेबांची मीटिंग चालू होती, दोन मिनिटं बोललो. सांगायचं इसरलो बघ. का?"

"काय म्हणालात?"

"काय म्हणणार? जमंल तसं करंल म्हणलो. करू नको म्हणलो का?"

तिनं यादी दाखवली. कुलदीपनं ती दोनदा वाचली. एका पायात बूट तसाच राहिला.

"शिवा, मला काय ठाऊक, परीक्षा माझीबी हाय म्हणून?"

त्याचं खरं होतं. त्यानं कधी आडकाठी केली नव्हती. अर्ज त्यानंच भरून दिला होता, फोटो त्यानंच काढून आणले होते. पण परक्या माणसानं अचानक विचारल्यावर त्याच्या तोंडून जे निघालं, तेच त्याच्या मनात होतं, हे तिला कळलं होतं. त्यालाही कळलं असावं. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"मला इचारायचं होतं त्या मास्तरनं!" तुळजाबाई चुलीपासून ओरडल्या. "म्या सांगितलं असतं, लेकरं म्या बघते म्हणून."

त्यांचा नंबर अर्जावर नव्हता. त्यांच्याकडं फोनच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुलदीप अर्धी रजा टाकून धाराशिवला गेला. संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आला. सरांनी चहा पाजला, म्हणाला. ती जागा भूमच्या एका शिक्षकाला गेली होती, त्याची फीसुद्धा भरून झाली होती. "म्या हात जोडले गं. सरबी लई कळवळले. पण न्हायच व्हत म्हणले."

नंतरच्या तीन महिन्यांत शिवांजलीनं दुसरीकडच्या सात प्राध्यापकांना लिहिलं. दोघांचं उत्तर आलं, जागा नाही. गुणांची मुदत संपली तो दिवस तिच्या ध्यानात होता. तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी बाळ पहिल्यांदा भिंत धरून चाललं आणि घरभर त्याचाच गलका होता.

जेवताना कुलदीप म्हणाला, "पुढच्या साली परत दे की परीक्षा. म्या सोडतो तुला सेंटरवर. सुट्टी काढतो."

तो मनापासून बोलत होता. तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

"पुढच्या साली समृद्धीची शाळा चालू व्हतीय," ती म्हणाली, आणि बाळाचं तोंड पुसायला उठली.