खवय्याची डॉक्टरकी

‘कुठे खावे, काय प्यावे’ हे साप्ताहिकातलं सदर गेली बावीस वर्षं चालवणारा गृहस्थ वाचकांना ‘खवय्या’ म्हणून ठाऊक होता. त्याला स्वतःला मात्र आपलं सगळंच ठाऊक होतं. बायकोने भाजी कशी झालीय विचारलं की ‘छान’ म्हणून मान खाली घालायची, आणि परक्यांच्या स्वयंपाकावर, तेही त्यांच्या पाठीमागे, दोन-दोन रकाने ताशेरे ओढायचे. तोंडावर खरं बोलायची हिंमत नाही म्हणूनच आपण लेखक झालो, हे तो मनातल्या मनात कबूल करायचा आणि आणखी एक वाटी मागायचा.

बाहेरगावी गेला की आपण कोण ते तो सांगत नसे. कुणी विचारलंच तर ‘दातांचा डॉक्टर’ म्हणायचा. हे ऐकलं की लोक ओठ मिटून घेतात आणि पुढचं काही विचारत नाहीत, असा त्याचा अनुभव होता. बावीस वर्षं ही युक्ती बिनबोभाट चालली, कारण जिथे तो जाई तिथे खरे डॉक्टर गल्लोगल्ली होते.

या बेटावर एकही नव्हता. बुधवारच्या बोटीतून तो उतरला, धक्क्यावरच्या तिकीटमास्तरांनी सहज विचारलं आणि त्याने सहज सांगून टाकलं. बेट तसं शांत. माडांच्या सावलीतला एकच रस्ता, त्यावर एक चहाची टपरी, मनात आलं तर उठून शहाळं सोलणारा एक शहाळेवाला, आणि रस्ता संपतो तिथे मावशींची पाच टेबलांची खानावळ. सदराचा मजकूर दुपारच्या आत गोळा व्हायला हरकत नव्हती. पण निम्मा चहा संपतो न संपतो तोच चहावाल्याने वाकून आ वासला आणि बोटाने मागची दाढ दाखवली. पाठोपाठ शहाळेवालाही आपणहून उठून आला, आणि तो उठला याचंच लोकांना नवल वाटलं. खवय्याने दोघांनाही मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितल्या. दोघांनी हात जोडले. त्याला खरं तर लाज वाटायला हवी होती, पण त्याला भूक लागली.

खानावळीत मावशी गालाला फडकं बांधून वाढत होत्या. माशाचं कालवण तोंडात घालताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते खारट होतं. आजूबाजूची माणसं खाली मान घालून जेवत होती आणि तांब्यामागून तांब्या रिकामा करत होती. “कसं झालंय, डॉक्टर?” मावशींनी विचारलं. “छान,” तो म्हणाला, आणि मनात ताशेऱ्याचं पहिलं वाक्य जुळवलं. मग मावशींनी गाल पुढे केला. “सूज उतरू दे, मग बघू,” त्याने सांगितलं. हे वाक्य आपल्याला इतक्या ऐटीत कसं सुचलं, याचं त्याला कौतुकच वाटलं.

शनिवारी सकाळी परतीच्या बोटीसाठी तो पिशवी भरत होता, तेव्हा तिकीटमास्तर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“डॉक्टर, मावशींचं काहीतरी करून जा. सूज डोळ्यापर्यंत चढलीय, अंगात ताप आहे. बुधवारी आम्ही त्यांना बळेच बोटीने दवाखान्यात धाडत होतो. तुम्ही उतरलात म्हणून भरलेली पिशवी परत रिकामी केली.”

खवय्याचं धाबं दणाणलं. बोट सुटायला तासभर होता आणि त्यानंतरची बोट थेट बुधवारी. चार दिवसांत बाईचं काही बरंवाईट झालं तर? तो तसाच खानावळीच्या स्वयंपाकघरात गेला.

“मावशी, मी डॉक्टर नाही.”

मावशींनी ढवळणं थांबवलं नाही. “मग कोण आहेस तू?”

“जेवणाबद्दल लिहितो. साप्ताहिकात.”

“म्हणजे खायचं आणि सांगायचं?”

“हो.”

“बाकी काही काम?”

“नाही,” तो म्हणाला. आयुष्याचा हिशेब इतक्या थोडक्यात आजवर कुणी मांडला नव्हता. “तुम्ही आजच्या बोटीने जा. माझ्यामुळे तीन दिवस वाया गेले.”

“मी नाही जात. इथे वीस माणसं दोन वेळा जेवतात, ती कुठे जातील? आठ दिवस माझ्या तोंडात घास गेलेला नाही, पण एक वेळ चुकवली नाही.”

“मग चव कशी बघता?”

“हात बसलाय माझा. कुणी नावं ठेवलीत का? सगळे छान म्हणतात. तूही म्हणालास.”

धक्क्यावर बोटीचा पहिला भोंगा वाजला. लिहून देता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

“मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “खारट असतं, मावशी. बुधवारी होतं, काल तर घास गिळवत नव्हता.”

मावशींनी दाराकडे पाहिलं. मागोमाग आलेले तिकीटमास्तर तिथे चपलेकडे बघत उभे होते. “खरं आहे हे?”

“तुम्ही एवढ्या दुखण्यात रांधताय,” मास्तर पुटपुटले. “कुणी कसं बोलायचं?”

मावशींनी चूल विझवली. “आठ दिवस माझी कीव केलीत सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या. पातेलं मोरीत उपडं केलं, खुंटीवरची पिशवी घेतली आणि जाता जाता हातातला डाव खवय्याच्या हातात दिला. “माझी माणसं उपाशी ठेवू नकोस.”

त्याची बोटही तीच होती. ती त्याच्याविना गेली.

दुपारी वीस माणसं येऊन बसली. शहाळेवाल्यापासून मास्तरांपर्यंत प्रत्येकाने खवय्याच्या हातातल्या डावाकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. देशोदेशीच्या भातांवर लिहिलेल्या या माणसाने जन्मात पहिल्यांदा भात लावला होता. वर कच्चा, खाली कोळसा. त्याने तो आणि नुसती डाळ वाढली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आपल्या ताशेऱ्यांची वाट पाहत आजवर किती जण असे उभे राहिले असतील, हे त्याला आत्ता कुठे कळत होतं.

“करपलाय,” मास्तर म्हणाले आणि खात राहिले.

दिवेलागणीला मास्तरांचा फोन वाजला. मावशींची दाढ काढली होती, ताप उतरत होता. आणखी दोन दिवस थांबल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. खवय्याने हातातला डाव खाली ठेवला. मास्तरांनी फोन त्याच्यापुढे धरला.

“काय वाढलंस?” मावशींचा बोबडा आवाज आला.

“डाळभात. भात करपला.”

पलीकडे त्या हसल्या आणि लगेच कळवळल्या. “खाल्ला का कुणी?”

“सगळ्यांनी. संपला.”

“मग रात्रीचं लवकर टाक,” मावशी म्हणाल्या, “आणि पाणी जरा जास्त घाल.”