दोघांत एक टोळ

ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे मोकळे करायची, आणि काम संपलं की टेकडीवरच्या वळणांच्या रस्त्याने मुद्दाम लांबून घरी यायची. गाडी लाल, छोटी, दोन दारांची. नवरा तिला टोळ म्हणायचा, कारण पाय दाबला की ती निघत नसे, उडीच मारायची. तो शेजारी बसला की वरची कडी घट्ट धरायचा आणि वळणावर डोळे मिटून घ्यायचा.

गाडी घेतली तेव्हा ती साध्या पगारात बसत होती. वेगही मिळायचा आणि परवडायचंही. आता पेट्रोलचा भाव बघून ती अर्धीच टाकी भरायची. त्या मापाचे टायर बाहेरून मागवावे लागत. विम्याचा हप्ता तर दरवर्षी फुगतच होता. विमावाल्याने फोनवर विचारलं, घरात तरुण मुलगा आहे का, गाडी नक्की कोण चालवतं. मीच, असं तिने सांगितलं. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मग गिअरबॉक्स खरखरायला लागला. मेकॅनिकने गाडीखालून बाहेर येत हात पुसले. हे मॉडेल कंपनीने बंद करून टाकलंय, पार्ट मिळणार नाही, आणि मिळालाच तर तेवढ्यात दुसरी गाडी येईल, असं त्याचं म्हणणं.

"दुसरी कुठली?" तिने विचारलं.

मेकॅनिक पुन्हा गाडीखाली गेला.

ती नवऱ्याला घेऊन शोरूममध्ये गेली. छोटी हवी, चपळ हवी, गिअर माझ्या हातात हवा, असं तिने स्वच्छ सांगितलं. सेल्समनने तिच्यापुढे कपाटासारखी उंच गाडी उभी केली. अशा छोट्या गाड्या आता कोणी बनवत नाही, आणि पळणारी एक आहे ती तिकडे, म्हणून त्याने काचेआडच्या गाडीकडे बोट दाखवलं. किंमत ऐकून नवरा सोफ्यावर बसला. तरी ती ते कपाट चालवून आली. रस्त्यावरचा पट्टा ओलांडला की गाडी टुणटुण करायची, शेजारच्या सीटवर पर्स ठेवली तर पर्सला बेल्ट लावा म्हणायची. शेवटी पडद्यावर सूचना आली की तुम्ही थकलेल्या दिसता, विश्रांती घ्या. तिने किल्ली सेल्समनच्या हातात ठेवली आणि बाहेर पडली.

वैतागून तिने टोळ विकायची जाहिरात दिली. पहिला फोन आला एका बेकरीवाल्याचा. तो आला तो तसल्याच गाडीतून, फक्त पांढऱ्या. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत, पण तळ गंजून असा गेला होता की पायाखालचा रस्ता दिसायचा. त्याला तिची गाडी सांगाड्यासाठी हवी होती. आत माझं इंजिन बसवतो, म्हणाला. ते ऐकल्यावर तिचा विचार फिरला. विकायचं राहू दे, तुमचीच मला द्या, माझ्या गाडीत तुमचा गिअरबॉक्स बसेल, ती म्हणाली. दोघं फाटकापाशी उभे राहून वाद घालत राहिले. कोणी मागे हटेना. नवरा दोनदा चहा देऊन गेला. तिसऱ्यांदा तो रिकाम्या हाताने आला.

"तुमच्या दोघांकडे मिळून एकच गाडी आहे," तो म्हणाला. "हे कुणाच्या लक्षात येतंय का?"

तसंच झालं. मेकॅनिकने पांढरीचं काळीज काढून लालमध्ये बसवलं. खर्च निम्मा-निम्मा, आठवडाही निम्मा-निम्मा. विमावाल्याला दोन्ही चालकांचं नातं हवं होतं. बेकरीवाल्याने मानलेली बहीण सांगितलं. असं नातं त्यांच्याकडे नाही, असं उत्तर आलं, आणि हप्ता आणखी वाढला.

कटकटी लगेच सुरू झाल्या. तो उंच, त्यामुळे सीट कायम मागे. तिचे पाय पोचायचे नाहीत. डॅशबोर्डवर पिठाचा थर. तो म्हणायचा, तुमच्या मलमाच्या वासाने माझे पाव नासतात. एका शनिवारी गाडीची पाळी तिची होती, आणि टाकी कोरडी ठाक. गाडी पंपापर्यंतही पोचली नाही. पेशंट वाट बघत राहिला. संध्याकाळी ती कॅनने पेट्रोल घालून गाडीसकट तडक बेकरीत गेली. बस झालं, आता सगळी तुम्हीच ठेवा, असं सांगायचं ठरवून.

बेकरीवाला भट्टीपाशी ट्रे ओढत होता. तिने किल्ली काउंटरवर ठेवली आणि ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. त्याने ऐकून घेतलं. चूक झाली म्हणाला. पण किल्लीला हात लावला नाही.

"तुम्ही सोडली तर मलाही सोडावी लागेल, ताई. एकट्याला नाही झेपत आता."

दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. तिला त्याच्यावर चिडायचं होतं, पण राग नेमका कुणावर काढावा तेच कळेना. त्याने तर गाड्या बंद केल्या नव्हत्या. तिने किल्ली उचलली.

"टाकी भरून ठेवायची," ती म्हणाली. "आणि सीट पुढे."

"सीट विसरतो मी."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पिठाने माखलेलं स्टिअरिंग पुसायला त्याच्याकडूनच एक फडकं मागून घेतलं.