चूक झाली

“काय म्हणून राह्यले साहेब?” चांदपाशानं दवाखान्यातल्या खाटेवरून देवानंदला विचारलं. त्याच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं. दोन बोटं गेली होती.

खाटेशी हॅरिस नावाचा इंग्रज इंजिनिअर उभा होता. सत्त्याऐंशी साली हातपंपांच्या कामासाठी तो जालन्याला आला, तेव्हा त्याचं बोलणं मराठीत सांगायला देवानंद या कारकुनाला सोबत दिलं होतं. आदल्या दिवशी धावड्याला पंप दुरुस्त करताना बोअरमधून वर ओढलेला पाइप सुटला आणि मिस्तरी चांदपाशाची बोटं त्यात सापडली.

हॅरिसचे शब्द सोपे होते. चूक माझी आहे, पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प सैल करायला मी वेळेआधी सांगितलं. तो ते दोनदा म्हणाला.

दाराशी उपअभियंता अप्पाराव उभे होते. “जपून सांग,” एवढंच त्यांनी सकाळी देवानंदला बजावलं होतं. त्याची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

“साहेब म्हणतात, चूक झाली,” तो म्हणाला. “त्यांना फार वाईट वाटतंय.”

“हौ, झालीच ना,” चांदपाशानं मान हलवली. “मीच हात लई पुढं घातला. साहेबाला म्हणावं, माफी करा.”

काय म्हणाला, असं हॅरिसनं विचारलं. काही हरकत नाही म्हणतो, असं देवानंदनं इंग्रजीत सांगितलं.

अहवालात मिस्तरीचा निष्काळजीपणा आला. चांदपाशाला पंपांवरून काढून गोदामावर राखणीला बसवलं. हॅरिस त्याच्या देशी परत गेला.

बारा वर्षांनी, अप्पाराव निवृत्त झाल्यावर, देवानंद टेंभुर्णीला चांदपाशाच्या घरी गेला. चहा संपेपर्यंत ऑफिसातल्या बदल्यांबद्दलच बोलत राहिला. मग कप खाली ठेवून म्हणाला, “चांदभाई, दवाखान्यात साहेब म्हणाले होते, चूक माझी आहे. तुमची बिलकुल नव्हती. मी तुम्हाला ते सांगितलं नाही.”



“मी तर घरात, बिरादरीत, समद्यांला हेच सांगून राह्यलो,” चांदपाशा म्हणाला. “का गलती माझी व्हती.”

मग त्यानं आत तोंड करून हाक मारली, “गौहर! जरा इधर आव.”

त्याची बायको ओढणीला हात पुसत दारात आली.

“हं, देवानंदभाऊ,” चांदपाशा म्हणाला. “आता हिच्यासमोर बोला. पुन्यांदा बोला.”

देवानंद उठून उभा राहिला आणि गौहरकडे वळून पहिल्यापासून सांगू लागला.